मोड आणि माणसे : भीमाकाठच्या एका उपेक्षित व्यवसायाचा मागोवा



इतिहास म्हटला की ताम्रपट, तोफा आणि तलवारी आपल्या डोळ्यांपुढे येतात. ही सारी धातूचीच साधने. परंतु फुटलेली घागर, झिजलेला फाळ आणि गंजलेला पत्रा गोळा करून ज्यांनी आपली चूल पेटती ठेवली, त्यांची नोंद कोणत्याही बखरीत नाही. आजचे व्याख्यान त्यांच्याविषयी आहे.

जुन्या, मोडक्या भांड्यांच्या धातूला आपल्याकडे ‘मोड’ म्हणतात.  ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच आला. तांब्या-पितळेचे भांडे कासाराकडे गेले, तर वजनावर मोडीचा भाव मिळे आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तो वजा होई. घडणावळ बुडे, परंतु धातूचे मोल राही. म्हणूनच बँक नसलेल्या खेड्यात घागर आणि हंडा हीच ठेव होती. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात ही ठेव मोडली गेली. लोकांनी विकलेले चांदीचे दागिने त्या काळी मुंबईच्या टांकसाळीत वितळण्यासाठी येऊन पडत. गरिबाच्या पितळेची मोजदाद कोण ठेवणार?

करजगी, अफझलपूर, अक्कलकोट हा मुलूख भाषेने आणि नात्यागोत्याने सलग असला, तरी 1948 पर्यंत तो दोन राजवटींत विभागलेला होता. गुलबर्गा जिल्हा निजामाच्या राज्यात, तर अक्कलकोट हे मराठा संस्थान. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. मोडीला मात्र सरहद्द ठाऊक नव्हती. 1871 साली मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरला जोडला गेला आणि कारखान्याचा पत्रा व तयार भांडी गावोगाव पोचू लागली. ज्या गाडीने नवा माल आला, तिच्याच वाटेने जुना धातूही शहरांकडे जाऊ लागला.

या व्यवसायाचा हंगाम हिवाळ्याचा का, हे समजून घेतले पाहिजे. आपला प्रदेश रब्बी ज्वारीचा. पेरणी भाद्रपद-आश्विनात उरकते आणि काढणी माघ-फाल्गुनात येते. मधल्या मार्गशीर्ष-पौषात भूमिहीन मजुराच्या हाताला काम नसते. पावसाळ्यात चिखलात रुतलेले लोखंड या दिवसांत मोकळे होते, वाटा कोरड्या होतात आणि दिवाळीच्या साफसफाईत अडगळ घराबाहेर पडलेली असते. पुढच्या काढणीसाठी विळे हवे असतात. भटके घिसाडी गावाबाहेर पाल ठोकून भाता लावत. गाडीच्या चाकाची जुनी धाव, मोडकी पास, बोथट खुरपी हाच त्यांचा कच्चा माल. तेव्हा लोखंड वेचणाऱ्याला गिऱ्हाईक दारातच मिळे. मोबदला बहुधा धान्यात मिळत असे.

याहून सूक्ष्म काम झारेकऱ्यांचे. सोनाराच्या दुकानातील राख आणि केर धुऊन त्यातून सोन्या-चांदीचे कण काढणे हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा होता. भाविकांनी तीर्थाच्या घाटावर पाण्यात टाकलेली नाणी शोधणारे लोकही आपण पाहिले आहेत. पाणी उतरले की त्यांचे काम सुरू होते. 1992 पासून रुपयाचे नाणे गंजरोधक पोलादाचे झाले आणि दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाला ते चिकटू लागले. पूर्वीच्या तांबे-निकेलच्या नाण्याला चुंबक निरुपयोगी होता. सरकारी टांकसाळीच्या एका निर्णयाने घाटावरच्या मुलाचे हत्यार बदलले, ही गोष्ट मला राजघराण्यांच्या वंशावळीइतकीच अभ्यासण्याजोगी वाटते.

1972 च्या दुष्काळाने हा हंगामी जोडधंदा अनेकांच्या बाबतीत बारमाही करून टाकला. मराठवाड्यातून आणि लगतच्या कोरडवाहू पट्ट्यातून असंख्य कुटुंबे पुण्या-मुंबईकडे गेली. त्यांतील अनेक दलित स्त्रियांच्या वाट्याला शहरात कचराकुंडी आली. लोखंड, बीड, पत्रा, तांबे, पितळ आणि ज्याला आपण ‘जर्मन’ म्हणतो ते अॅल्युमिनियम यांची पारख त्या बोटांच्या स्पर्शाने करू लागल्या. तांब्याला भाव सर्वांत चांगला. परंतु तारेवरचे आवरण जाळताना निघणारा धूर छातीत जाई, त्याचा भाव कोणी लावत नसे. तराजू दुकानदाराच्या हाती, उचल त्याच्याकडूनच घेतलेली, आणि वर पोलिसांचा चोरीचा संशय.

या अवस्थेला वळण मिळाले ते 1993 साली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांचा या स्त्रियांशी परिचय झाला होता. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. नावातच ‘पत्रा’ आहे आणि ‘कष्टकरी’ही. आपण भीक मागत नाही वा चोरीही करत नाही, आपण श्रम करतो, हे म्हणणे त्या एका शब्दात आले. पुढे महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र गळ्यात आले. ज्यांच्याजवळ गावाकडच्या जमिनीचा सातबारा नव्हता आणि शाळेचा दाखलाही नव्हता, त्यांच्यापैकी कित्येकींच्या व्यवसायाचा तो पहिला लेखी पुरावा होता. 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

पंचायतीने स्वतःचे भंगारखरेदीचे दुकानही काढले. तेथे माल घालणारी बाई काट्यासमोर उभी राहून वजन स्वतः वाचते.