फुटणे आणि वाढणे

मराठीत आरसा फुटतो आणि कोंबही फुटतो. डोकं फुटतं, धरण फुटतं, पेपर फुटतो. आणि त्याच क्रियापदाने तांबडं फुटतं, मिसरूड फुटते, मुक्याला वाचा फुटते, आईला पान्हा फुटतो. माणसाचा डोळा फुटला तर अनर्थ, उसाच्या कांडीचा डोळा फुटला तर बेणं चांगलं. संस्कृत ‘स्फुट्’ धातूतच तडकणे आणि उमलणे हे दोन्ही अर्थ आहेत. प्राकृतातल्या ‘फुट्ट’च्या वाटेने ते जसेच्या तसे आपल्यापर्यंत आले.

या शब्दाचा विचार डोक्यात घोळू लागला तो ‘फ्रॅक्टल’मुळे. बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९७५ मध्ये हा शब्द घडवला. लॅटिन ‘फ्रॅक्टस’ म्हणजे मोडलेला, तुकडे झालेला. अपूर्णांकासाठीचा इंग्रजी शब्द आणि हाड मोडल्यावर डॉक्टर उच्चारतात तो शब्द, दोन्ही त्याच घरातले. पण ज्या वस्तूंना हे नाव मिळालं त्यांतल्या कितीतरी मोडलेल्या नाहीतच. झाडाच्या फांद्या, नदीच्या उपनद्या, फुप्फुसातल्या वायुनलिका या वाढलेल्या गोष्टी आहेत. लॅटिनमधून घेतलेल्या शब्दाने त्यांचा खडबडीतपणा सांगितला, वाढ सांगितली नाही. आपल्या ‘फुटणे’ने दोन्ही सांगितलं असतं.

अशी फाटे फुटणारी वाढ कशी होऊ शकते, याचा एक अतिशय साधा नमुना थॉमस विटेन आणि लेनर्ड सँडर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडला. मधोमध एक कण स्थिर ठेवायचा. दुरून दुसरा कण सोडायचा; तो दिशाहीन भटकत येतो आणि आधीच्या कणाला शिवला की तिथेच चिकटतो. मग तिसरा, चौथा, असे हजारो. यातून गोल गोळा तयार व्हायला हवा असं वाटतं, पण होतं झुडूप. कारण जरासं पुढे आलेलं टोक भटक्या कणाला आधी सापडतं, त्यामुळे ते आणखी पुढे जातं. आतल्या बेचक्यांपर्यंत कण पोचतच नाही, वाटेतच कुठल्यातरी फांदीला अडकतो. असंच काहीसं घरी बघायचं असेल तर दोन काचांमध्ये तैलरंगाचा जाड थेंब दाबा आणि काचा सावकाश विलग करा. हवा रंगात शिरताना तिला फाटे फुटत जातात आणि काचेवर पर्णहीन झाड उमटतं.

या झुडपाची मिती १ नाही आणि २ही नाही, सुमारे १.७१ आहे. म्हणजे त्रिज्या दुप्पट झाली की कणांची संख्या भरीव चकतीसारखी चौपट होत नाही, साधारण सव्वातीनपट होते. ‘अपूर्णांकी मिती’ म्हटलं की विद्यार्थी दचकतो. पण आपली भाषा अपूर्णांकात मुरलेली आहे. पाव, सव्वा, दीड, अडीच हे शब्द भाजीबाजारात रोज वापरले जातात. ‘पाऊण’ म्हणजे ‘पाद-ऊन’, एक चतुर्थांश कमी. ‘पावणेदोनला थोडी कमी’ असं सांगितलं तर ती मिती चटकन हाताला लागते. वर्गात हे असंच सांगावं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरं क्रियापद. ‘फुटणे’ मोडतोडीकडून वाढीकडे जातं, तर ‘वाढणे’ नेमकं उलट चालतं. आपण देवापुढे नारळ फोडत नाही, ‘वाढवतो’. बांगडी फुटली म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. एक मत असं मांडता येईल की हा निराळाच धातू आहे. संस्कृतात ‘वर्ध्’ म्हणजे कापणे असाही धातू आहे. मनुस्मृतीत नाळ कापण्याला ‘नाभिवर्धन’ म्हटलं आहे, सुताराला ‘वर्धकि’ म्हणत, आणि विदर्भात सुतार आजही ‘वाढई’ आहे. मोह पडावा असंच हे साम्य आहे. तरी मला ते पटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी-शहागंज भागात जुन्या वळणाचा उर्दू बोलणारा दुकानदार रात्री ‘दुकान बढाना’ म्हणतो, म्हणजे दुकान बंद करतो. उर्दूत दिवाही ‘बढवतात’, म्हणजे विझवतात. तिथे कापाकापी कुठेच नाही. अशुभ तोंडातून काढायचं नाही म्हणून त्याच्या जागी वाढीचा शब्द ठेवायचा, ही दोन्ही भाषांची सामाईक रीत आहे, आणि नारळ त्याच रीतीने वाढतो.

मोडणं आणि वाढणं एकाच घटनेत कसं बसतं, याचं भौतिकशास्त्रातलं सर्वात सुंदर उदाहरण महाराष्ट्रात घडलेल्या कामात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले दीपक धर यांना २०२२ चं बोल्ट्झमन पदक मिळालं. वाळूच्या राशीच्या गणितावरचं त्यांचं काम जगभर वापरलं जातं. चौकटींचा पट घ्यायचा, एकाच ठिकाणी दाणा दाणा टाकत राहायचा. एका चौकटीत चार दाणे झाले की ती ढासळते आणि चारही शेजाऱ्यांना एकेक दाणा देते. आधी कोणती चौकट ढासळू दिली याने अंतिम चित्र बदलत नाही, हे धर यांनी १९९० मध्ये दाखवलं. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा वाढत्या राशींतल्या नक्षीचा अभ्यास केला. पटावर सुरुवातीला दाण्यांची योग्य मांडणी घेतली तर या नक्षीचे सगळे भाग एकाच प्रमाणात वाढतात, जसे ढोबळमानाने बाळाचे हातपाय वाढतात. रास ढासळते म्हणूनच पसरते. मराठवाड्यात ‘ज्वारीची रास केली’ म्हणजे मळणी करून धान्याचा ढीग लावला. गणितातली ‘राशी’ आणि ‘त्रैराशिक’ त्याच ढिगातून निघाले.

असे नमुने आता पडद्यावर हाताळता येतात. पडद्यावर थेट रेघ ओढून कॉम्प्युटरशी बोलायची सोय आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ने १९६३ मध्ये दाखवली. आज भटक्या कणांच्या नमुन्यात बोट टेकवू तिथे बी म्हणून पहिला कण पडतो आणि झुडूप डोळ्यांदेखत फांद्या टाकू लागतं. नुसतं बघण्यापेक्षा त्यात हात घालण्यातून जास्त कळतं. पुढे गेलेलं एखादं टोक पुसून टाका. ज्या आतल्या फांद्या त्याच्या आडोशाने खुंटल्या होत्या, त्यांच्यापर्यंत कण पोचू लागतात आणि त्या सरसावतात. कन्नड-सिल्लोडकडचा शेतकरी तुरीचा शेंडा खुडतो, तेव्हा कारण वेगळं असतं. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं, ते थांबतं. पण परिणाम तोच, बाजूने फुटवे येतात.

उद्या कुणी मराठी मुलांसाठी असा प्रोग्राम लिहिला, तर त्याच्या बटणांवर ‘बी टाका’, ‘फुटवे’, ‘शेंडा खुडा’ हेच शब्द असावेत. ‘फ्रॅक्टल’ खुशाल राहू दे, तो रुळला आहे. त्याच्या जागी ‘भग्नाकृती’सारखा शब्द मात्र नको, कारण त्यात नुसती मोडतोड उरते आणि कोंब राहून जातो.