टॅनिंग सलूनच्या फॉर्मवर सही करण्याआधी

मंडळी, प्रॉमचे दिवस जवळ आले की मुलींच्या गप्पांत टॅनिंग बेड हमखास येतो. आपल्याला हसूच येतं. "उन्हात जाऊ नकोस, काळी होशील" ऐकत आपण वाढलो आणि इथे लोक सावळं व्हायला पैसे मोजतात! पण अठराच्या आतल्यांना त्या दारात अडवणारा कायदा सहज आलेला नाही.

ऑस्ट्रेलियातलं उदाहरण बघा. तिथे या दुकानांना सोलारियम म्हणतात. मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हरला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा सर्वांत घातक कॅन्सर झाला. आजार हाताबाहेर गेलेला असताना ती वर्तमानपत्रातून, टीव्हीवरून सांगत राहिली की सोलारियममध्ये जाऊ नका. सप्टेंबर 2007 मध्ये ती गेली, सव्वीसावा वाढदिवस होऊन काही आठवडेच झाले होते. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्याने या धंद्यावर परवान्याची सक्ती केली. डॉक्टर आणि कॅन्सर संस्था मागे लागूनच होत्या. 2015 उजाडेपर्यंत बहुतेक राज्यांत पैसे घेऊन टॅनिंग बेड वापरू देणंच बंद झालं.

मधल्या काळात, 2009 साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ही यंत्रं तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या गटात टाकली. तरुण वयात वापर सुरू केलेल्यांत मेलानोमाचा धोका 75 टक्क्यांनी जास्त दिसला होता. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठीच्या वापरावर सरसकट बंदी घातली. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल 2011 पासून अठराच्या आतल्यांना मनाई आहे.

अमेरिकेत मात्र धंदेवाल्यांची संघटना टॅनिंग निर्धोक असल्याच्या जाहिराती करत होती. 2010 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली. अठराच्या आत पूर्ण बंदी घालणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, 1 जानेवारी 2012 पासून. पण सगळ्या राज्यांनी तो कित्ता गिरवला नाही. काही ठिकाणी आईवडिलांची सही असली की मुलांना आत सोडतात. म्हणजे सरकारने ठरवायचं ते तुमच्या पेनावर ढकललंय, हे मला तरी पटत नाही.

"आपली कातडी सावळी, आपल्याला काय होणार?" असं कुणी म्हणेल. आपल्यात मेलानोमा कमी होतो हे खरं, पण होतो, आणि लक्षात बहुतेकदा उशिरा येतो. तेव्हा तो फॉर्म घरी आला, तर शाळेच्या सहलीच्या फॉर्मसारखी घाईत सही करू नका. मुलीला क्लेअरबद्दल सांगा.