रणगाड्याची लघुप्रतिकृती : जोडणी, सुधारणा आणि अस्सलपणा

वरकुटे (ता. इंदापूर) : दिवाळी जवळ आली की वरकुटे व परिसरातील गावांत अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात. तटावर हळीव उगवते, सिंहासनावर शिवराय विराजमान होतात, पायऱ्यांवर मावळे उभे राहतात आणि पायथ्याशी हमखास एखादा प्लॅस्टिकचा रणगाडाही तैनात असतो. मोठी माणसे त्याला हसतात. पण प्रतिकृतीच्या छंदाचा पहिला प्रश्न नेमका तेथेच दडलेला आहे. हा रणगाडा कोणता, कोणत्या काळातला आणि तो येथे का? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की खेळण्याची प्रतिकृती होते.

रणगाडा युद्धभूमीवर प्रथम अवतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात. त्याच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून जोडण्याचा छंद मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरला. या छंदाची ओळख, त्यातील कामाच्या पायऱ्या आणि महाराष्ट्रात त्यासाठी उपलब्ध असलेला मोठा आधार यांची ही माहिती.

मापाचा हिशेब

रणगाड्यांच्या प्रतिकृती प्रामुख्याने १:३५, १:४८ आणि १:७२ या प्रमाणांत मिळतात. त्यांपैकी १:३५ हे सर्वाधिक रुळलेले प्रमाण कोणा समितीने ठरवलेले नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर या जर्मन रणगाड्याचा मोटारीवर चालणारा संच काढला. आत मोटार व बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जे आकारमान निवडले गेले, ते १:३५ भरले आणि पुढे तेच रूढ झाले.

हिशेब सोपा आहे. सेंच्युरियन रणगाड्याची रुंदी सुमारे ३.३९ मीटर व उंची सुमारे ३ मीटर. १:३५ प्रमाणात ती अनुक्रमे ९७ व ८६ मिलिमीटर होते. १:७२ प्रमाणात रुंदी अवघी ४७ मिलिमीटर उरते. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक १:३५ मध्ये ५० मिलिमीटरचा होतो. उलट बाजूने पाहिल्यास, १:३५ प्रतिकृतीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरची चूक. म्हणूनच या छंदात मोजपट्टीला कुंचल्याइतकेच महत्त्व आहे.

कोणता रणगाडा, कोणत्या वर्षाचा?

संच उघडण्यापूर्वी करावयाचे काम म्हणजे अभ्यास. ओळखीची पहिली खूण चाकांची. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा चाके, तर टी-५५ ला पाच आणि त्यांतील पहिल्या व दुसऱ्या चाकांमध्ये ठळक मोकळी जागा. शर्मनची सहा चाके दोन-दोनच्या तीन जोड्यांत बसवलेली असतात. एम-४७ आणि एम-४८ हे दोन्ही पॅटन दिसायला भाऊ-भाऊ. पण एम-४७ मध्ये पाच जणांचे पथक असे व चालकाशेजारी मशीनगनधारी बसत असे. एम-४८ मध्ये ती जागा नाही.

दुसरा मुद्दा वर्षाचा. रणगाडा एकदा बनला की तसाच राहतो असे नाही; सैन्य त्यात बदल करीत असते. भारतीय टी-५५ हे याचे उत्तम उदाहरण. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानकडे चिनी बनावटीचे टाइप-५९ रणगाडे होते. ते टी-५४ वरूनच घडवलेले असल्याने लांबून दोहोंत फरक कळणे अवघड. आपल्याच रणगाड्यावर आपलाच गोळा पडू नये म्हणून भारतीय रणगाड्यांच्या तोफेच्या नळीवर मध्यभागी एक खोटे फुगीर नळकांडे बसवण्यात आले. नळीतील धूर बाहेर काढणाऱ्या खऱ्या नळकांड्यासारखेच ते दिसे. खरे नळकांडे मात्र टी-५५ च्या नळीच्या टोकाशी असते. बाजारातील सर्वसाधारण संचात हे खोटे नळकांडे नसते. योग्य जाडीच्या प्लॅस्टिक नळीचा तुकडा कापून, कडा घासून नळीवर सरकवला की काम होते. वेळ अर्ध्या तासाचा. पण तेवढ्याने सोव्हिएत रणगाडा भारतीय होतो.

जोडणीच्या पायऱ्या

संचातील भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. ते हाताने तोडू नयेत. बारीक कटरने थोडे अंतर राखून कापावेत, उरलेला टोकाचा भाग पात्याने काढावा आणि पॉलिश पेपरने घासावा. साच्याच्या दोन अर्धकांमुळे भागांवर उमटलेली रेघही काढून टाकावी. तोफेच्या नळीवर ती राहिली, तर उत्तम रंगही व्यर्थ जातो.

जोडणी सर्वसाधारणपणे खालून वर करीत जावी : प्रथम धड, मग चाके, मग पट्टे आणि शेवटी तोफेचा घुमट. सर्व चाके एका पातळीत जमिनीला टेकतात की नाही, हे सपाट काचेवर ठेवून पाहावे. पट्टे ताणून बसवण्याचा मोह टाळावा. अनेक रणगाड्यांत वरचा पट्टा वजनाने किंचित लोंबतो. ताठ पट्टा खेळण्याची आठवण करून देतो.

प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणारे द्रावण व थिनर वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रेझिनचे भाग घासताना नाकातोंडावर मास्क लावावा. लहान मुलांच्या हाती पाते देऊ नये.

सुधारणा : घरच्या साहित्यातून

संचात न मिळणारे वा ढोबळ असलेले तपशील स्वतः घडवणे, हा या छंदाचा खरा आनंद. पितळी पत्र्याचे सूक्ष्म भाग विकत मिळतात. पण बरेचसे काम घरच्या वस्तूंत भागते.

ओढदोरासाठी तांब्याच्या बारीक तारा पीळ देऊन वापराव्यात. शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा चिखलरोधकांसाठी उपयुक्त. तो खऱ्याप्रमाणे वाकवता व चेपता येतो. चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीच्या आचेपासून थोडा दूर धरून मऊ झाला की हलकेच ताणावा. केसासारखा धागा निघतो. तीच रेडिओची अँटेना.

ओतीव पोलादाचा खरखरीतपणा हा आणखी एक तपशील. टी-५५ चा घुमट ओतीव असतो, मात्र संचातील प्लॅस्टिक गुळगुळीत येते. थोडी पुट्टी थिनरमध्ये पातळ करून ताठ केसांच्या जुन्या कुंचल्याने ठोकत लावावी आणि वाळल्यावर हलकेच घासावी. चेन्नईजवळील आवडीच्या कारखान्यात १९६५ पासून तयार झालेला ‘विजयंता’ मात्र पत्रे वेल्ड करून बनवलेला. त्याला असा पोत दिला, तर ती सुधारणा नसून चूक ठरेल. विजयंता स्वतः घडवू इच्छिणाऱ्याने प्लॅस्टिकचे सपाट पत्रे कापून घ्यावेत. त्याची तोफ १०५ मिलिमीटरची, ब्रिटिश ‘एल-७’ जातीची. हीच तोफ नंतरच्या सेंच्युरियनवरही असल्याने त्या संचातील नळी कामी येते.

रंग आणि माती

प्राइमरचा पातळ थर, त्यावर मूळ रंग, मग खाचांत उतरणारा गडद पातळ रंग आणि अखेर कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट छटा, हा क्रम नवशिक्याला पुरेसा आहे. गंज सांभाळून दाखवावा. सेवेतील रणगाड्याची निगा सतत राखली जाते. भंगारासारखा गंजलेला रणगाडा लढताना दाखवणे विसंगत ठरते.

चिखलासाठी अंगणातली माती घेण्याचा मोह होतो. येथे वरकुटे परिसरातील वाचकाने जपावे. भीमाकाठची काळी माती १९७१ च्या बसंतर लढाईतील रणगाड्याला चालणार नाही. शकरगड भागातील ती भूमी नद्यांच्या गाळाची, फिकट करड्या-तपकिरी छटेची. माती कोणतीही असो, ती पातळ सुती कापडातून गाळावी. ज्वारीच्या दाण्याएवढे ढेकूळ १:३५ प्रमाणात मोठा धोंडा होऊन बसते.

अहिल्यानगरचे संग्रहालय

छायाचित्रांवरून काम करताना मागची व वरची बाजू नेहमीच अंधारात राहते. त्यासाठी खरा रणगाडा पाहण्यास पर्याय नाही. महाराष्ट्रातील छांदिष्टांचे भाग्य असे की, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे लष्कराच्या चिलखती दलाच्या केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय सुरू केले. तेथे सुमारे ५० वाहने आहेत. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, ब्रिटिश व्हॅलेंटाइन व चर्चिल, जपानी हा-गो, युद्धात हाती आलेले पॅटन आणि आपला विजयंता यांचा त्यांत समावेश आहे.

जाण्यापूर्वी प्रश्नांची यादी करावी. छायाचित्रणाचे नियम प्रवेशद्वारावर विचारून घ्यावेत आणि वाहनांवर चढू नये. वेल्डिंगच्या शिवणी, झाकणांच्या बिजागऱ्या, मागील जाळ्या यांची टिपणे काढावीत. एक सावधगिरी हवी : उघड्यावर ठेवलेल्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा रंग द्यावा लागतो. आकार तेथून घ्यावा. रंग मात्र युद्धकाळातील छायाचित्रांशी ताडून पाहावा.

एकाच रणगाड्याची प्रतिकृती

पुणेकरांना जवळची असलेली एक पलटण म्हणजे पूना हॉर्स. पेशव्यांशी १८१७ मध्ये झालेल्या पुणे तहानंतर उभारलेल्या घोडदळातून ती आकाराला आली. १९६५ च्या युद्धात तिचे नेतृत्व करताना लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना सेंच्युरियनवर वीरमरण आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांनी पेटलेला रणगाडा न सोडता लढत प्राण दिले. पुण्यात जन्मलेले खेतरपाल तेव्हा २१ वर्षांचे होते. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. खेतरपाल यांच्या सेंच्युरियनचे नाव ‘फामागुस्टा’. पाकिस्तानच्या हाती पडलेला हा रणगाडा पुढे परत मिळाला आणि अहिल्यानगरच्या चिलखती दल केंद्रात जतन करण्यात आला.

‘एक सेंच्युरियन’ बनवणे आणि ‘फामागुस्टा’ बनवणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या कामात प्रत्येक तपशील प्रश्न विचारतो. नाव कोठे लिहिले होते? बाहेर कोणते सामान बांधले होते? आणि मुख्य म्हणजे, प्रतिकृती त्या दिवसाच्या कोणत्या क्षणाची? सकाळी निघतानाची की आग लागल्यानंतरची? आत चार माणसे होती, हे ध्यानात ठेवून उत्तर द्यावे लागते.

जे ठाऊक नाही ते कल्पनेने रंगवू नये. तो भाग साधा सोडावा. प्रतिकृतीखालच्या लाकडी पाटीवर रणगाड्याचे नाव, पलटण, ठिकाण आणि दिनांक लिहावा. पुढच्या दिवाळीत किल्ल्याशेजारी, वेगळ्या पाटावर, असा एखादा रणगाडा मांडला आणि पाहणाऱ्या मुलाने ‘हा कोणाचा?’ असे विचारले, तर सांगण्यासारखे उत्तर हाती असेल.