हा रंग कुठल्या सालचा?

मागच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाने हॉलच्या मागच्या बाजूला सभासदांच्या छंदांचं एक छोटंसं प्रदर्शन मांडलं होतं. कुणाचं भरतकाम, कुणाची जुनी नाणी, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर माझं जहाज. 'एचएमएस त्रिंकोमाली, मुंबई, 1817' अशी पाटी मी मोठ्या अभिमानाने पुढे ठेवली होती. दीड वर्ष रात्री जागून केलेलं काम! लहान मुलं तोफा मोजत होती, वहिनीमंडळी "एवढे दोरे कसे हो बांधलेत?" म्हणून कौतुक करत होत्या. तेवढ्यात एक काका आले. आयुष्यभर बोटीवर इंजिनिअर होते, आता निवृत्त. चष्मा कपाळावर चढवून पाच मिनिटं वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "सुरेख केलंय. पण हा रंग कुठल्या सालचा?"

"कुठल्या सालचा म्हणजे? हार्टलपूलला जाऊन शंभरेक फोटो काढून आणलेत, काका. हुबेहूब तोच आहे."

"अहो, तो आत्ताचा झाला. पाटीवर तुम्ही 1817 लिहिलंय." एवढं बोलून काका चहाच्या टेबलाकडे गेले. माझी मात्र झोप उडाली.

ज्यांना हे जहाज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल गावात एका जुन्या गोदीत उभं असलेलं त्रिंकोमाली हे आपल्या मुंबईचं अपत्य आहे. नेपोलियनशी लढता लढता ब्रिटिश आरमाराला ओक लाकडाची चणचण भासू लागली, तेव्हा मलबारच्या सागवानावर आणि मुंबईच्या वाडियांवर त्यांची नजर गेली. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजं बांधली. 1842 चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला, तेही त्यांचंच. त्रिंकोमालीची कथा तर आणखी गमतीची. तिचे नकाशे घेऊन निघालेलं जावा हे जहाज डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने लढाईत नष्ट केलं, आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. शेवटी जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून, बांधणी झाली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरलं.

आणि मग? मग काहीच नाही! 1819 मध्ये ते पोर्ट्समथला पोचलं तोवर युद्ध केव्हाच संपलं होतं. वर छप्पर घालून जहाज पंचवीसेक वर्षं राखीव ठेवून दिलं. 1845 नंतर त्याचा नंबर लागला, पण तोवर नौकाबांधणीची पद्धत बदललेली. त्यामुळे तोफा कमी करून 26 वर आणल्या, मागच्या बाजूचा, म्हणजे स्टर्नचा आकार बदलला, आणि 1847 मध्ये जहाज प्रत्यक्ष सेवेत रुजू झालं. हार्टलपूलला 1990 ते 2001 अशी अकरा वर्षं खपून लोकांनी जे रूप परत आणलं, ते हे दुसरं रूप आहे. काळं अंग, तोफांच्या ओळीला पांढराशुभ्र पट्टा. काकांचं बोट नेमकं तिथे होतं. मी 1847 चं जहाज रंगवून त्याला 1817 चा जन्मदाखला लावला होता.

पट्टा पांढराच का, याचाही इतिहास आहे. नेल्सनच्या काळात इंग्रजी युद्धनौकांवर काळ्यावर पिवळे पट्टे असत आणि तोफांच्या खिडक्यांची झाकणं काळी. झाकणं बंद असली की बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसत. नेपोलियनची युद्धं संपल्यावरच्या काळात पिवळ्याची जागा पांढऱ्याने घेतली. तेव्हा रंग डब्यात तयार मिळत नसे. पिवडी, गेरू, काजळी, सफेता असली आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारी द्रव्यं जवसाच्या तेलात घोटून रंग होई. पिवडी स्वस्त, म्हणून पिवळा. जहाजाच्या आतल्या भिंती लाल असत, त्या रक्ताचे डाग दिसू नयेत म्हणून, असं गाइड लोक हमखास सांगतात. मला विचाराल तर गेरू स्वस्त होता हे कारण पुरेसं आहे. पण रक्ताची गोष्ट ऐकायला बरी वाटते, त्यामुळे ती काही मरायची नाही.

रंग हा लढाईत जीवनमरणाचा प्रश्न होता हे मात्र खरं. 21 ऑक्टोबर 1805 ला ट्रफाल्गरच्या लढाईआधी नेल्सनच्या लक्षात आलं की शत्रूच्या डोलकाठ्यांवरच्या लोखंडी कड्या काळ्या आहेत. त्याने आपल्या जहाजांना कड्या पिवळ्या करायला लावल्या. धुरात अंग दिसलं नाही तरी डोलकाठ्या दिसतात, आणि आपला कोण, परका कोण ते कळतं. मॉडेल करणारा माणूस त्या कड्यांवर ब्रश फिरवताना कंटाळतो, पण त्या प्रत्येक रेघेमागे असा हुकूम असतो.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या जहाजाचा खरा रंग कळणार कसा? याचं उत्तर नेल्सनच्याच व्हिक्टरीने दिलं. पोर्ट्समथला 1922 पासून कोरड्या गोदीत असलेल्या या जहाजाचे पट्टे कित्येक दशकं झणझणीत पिवळे-नारिंगी होते. जगभरच्या छंदिष्टांनी आपापली व्हिक्टरी त्याच रंगात रंगवली, किटमधल्या सूचनाही तेच सांगत. मग संशोधकांनी लाकडावरून रंगाच्या बारीक खपल्या काढल्या, राळेत बसवून, घासून त्यांचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बाकरवडी कापल्यावर जसे वळसे दिसतात तसे रंगाचे थरावर थर! पुराव्यांशी ताडून ट्रफाल्गरच्या वेळचा थर शोधला, तर तो निघाला फिकट, गुलाबीकडे झुकणारा, जवळजवळ सायीसारखा. 2015 मध्ये अख्खं जहाज त्या रंगात रंगवलं आणि एकच गहजब झाला. "आमची व्हिक्टरी गुलाबी?" माझ्या ओळखीतल्या एका गोऱ्या गृहस्थाने तीस वर्षांपूर्वी केलेलं मॉडेल कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवलं. मी त्याला म्हटलं, अरे, तुझं मॉडेल चुकलेलं नाही, ते 1980 सालची व्हिक्टरी म्हणून अगदी अचूक आहे. त्याला काही तो विनोद आवडला नाही.

लंडनला पाहुणे आले की आपण त्यांना टेम्स नदीवरची बेलफास्ट दाखवायला नेतो. तिचे निळे-करडे ओबडधोबड पट्टे दुसऱ्या महायुद्धातले आहेत, 1942 ते 1944 च्या सुमाराचे. डिसेंबर 1943 मध्ये नॉर्थ केपची लढाई ती याच वेषात लढली. पण वर मान करून बघा. त्या जाळीदार डोलकाठ्या 1956 ते 1959 च्या डागडुजीत आल्या. म्हणजे अंगावरचा कपडा तारुण्यातला आणि चेहरा उतारवयातला. असं रूप समुद्रावर एकही दिवस नव्हतं. तेव्हा 'खऱ्या जहाजावरून रंगवलंय' ही काही अचूकतेची हमी नाही. जहाजाला रंग नसतो, तारखेला असतो.

कधी कधी तर गाडी उलटी धावते. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडला तेव्हा, 1917 मध्ये, नॉर्मन विल्किन्सन नावाच्या समुद्रचित्रकाराने सुचवलं की जहाज लपवता येत नसेल तर शत्रूला गोंधळात पाडा. वाकडेतिकडे, विरोधी रंगांचे पट्टे असे मारा की जहाज कुठल्या दिशेला चाललंय हेच कळू नये. यालाच डॅझल म्हणतात. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याचं खातं सुरू झालं. तिथे छोटी लाकडी जहाजं बनवत, चित्रकलेच्या विद्यार्थिनी त्यांवर पट्टे रंगवत, मग ते मॉडेल फिरत्या टेबलावर ठेवून पेरिस्कोपमधून बघत. बघणारा फसला की नक्षी पास! मग तिचा आराखडा बंदरांत जाई आणि खरं जहाज रंगे. म्हणजे आधी मॉडेल, मग जहाज. त्यातली काही मॉडेलं इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत आणि आज त्यांची किंमत फोटोंपेक्षा जास्त आहे. कारण तेव्हाचे फोटो कृष्णधवल, आणि फिल्मही अशी की निळा फिकट दिसे नि लाल जवळजवळ काळा. पुन्हा दोन्ही बाजूंची नक्षी वेगवेगळी, त्यामुळे एका बाजूचा फोटो बघून दुसरी बाजू रंगवली की फसलात.

साल पक्कं झालं तरी डबा उघडून सरळ ब्रश मारायचा नाही. माझं मॉडेल 1:96 प्रमाणातलं, दीडशे फुटांचा डेक दीड फुटाच्या आसपास आलेला. ते हातभर अंतरावरून बघणं म्हणजे खरं जहाज पाऊणशे-शंभर यार्डांवरून बघणं. मधली हवा रंगाला फिकट करते, म्हणून काळ्यात थोडा करडा मिसळावा लागतो, नाहीतर जहाज बुटाला पॉलिश केल्यासारखं दिसतं. किती मिसळायचा यावरून छंदिष्टांत भांडणं होतात. माझा नियम सोपा: आधी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघायचं, ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही. चकाकीचंही तेच, शेवटचा हात मंद वार्निशचा. आणि तळाचे तांब्याचे पत्रे! खरा पत्रा चार फुटांचा, माझ्याकडे अर्ध्या इंचाचा. सुरुवातीला मी ते नव्या कळशीसारखे लखलखीत ठेवले होते. समुद्रात तांबं आठवड्याभरात तपकिरी पडतं आणि पाण्याच्या रेषेपाशी हिरवट. आजीच्या बंबाला चिंच लावणारं कुणीतरी असायचं, समुद्रात कोण लावणार?

तर काकांच्या प्रश्नानंतर माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पांढरा पट्टा पॉलिश पेपरने घासून पिवळा करावा असं आधी मनात आलं. घासायला बसलोसुद्धा. मग जहाज उलटं फिरवलं आणि स्टर्नकडे लक्ष गेलं. तो आकार नंतरचा, तोफा नंतरच्या. नुसता पट्टा बदलून काय होणार? बेलफास्टसारखीच चूक झाली असती. आणि मुंबईचं नाव लावायचं म्हणून 1817 चा हट्ट धरायचा, यात माझा प्रामाणिकपणा कमी आणि मिरवण्याची हौस जास्त होती हेही कबूल करतो. जहाजाचं सागवान बरंचसं अजून तेच आहे. त्याला मुंबईचं म्हणायला वाडियांच्या काळचा रंग लागत नाही.

गेल्या महिन्यात काकांना जेवायला बोलावलं होतं. घासलेली जागा पुन्हा पांढरी केली होती, पत्रे मंद केले होते. पाटी नवीन: 'त्रिंकोमाली. बांधणी मुंबई, 1817. रूप व रंग 1847 नंतरचे.' काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वाचलं, मान डोलावली. मग म्हणाले, "आता दोऱ्यांचं बघू. हे काळे दोरे सगळेच डांबर लावलेले का हो? ओढायचे असतात ते तपकिरी हवेत ना?"

शंभरेक दोरे सोडायला घेतले आहेत.