महाड-पोलादपूर परिसरातील प्राचीन व्यापारमार्ग

सातवाहन काळात (इ. स. पू. सु. १ले ते इ. स. ३रे शतक) बाणकोटची खाडी आणि वाई-कऱ्हाडकडचा देश यांना जोडणाऱ्या वाटा. महाडजवळ सावित्री आणि गांधारी यांचा संगम असून भरतीच्या पाण्यावर होड्या इथवर येत. पुढचा प्रवास बैलांच्या पाठीवर होई. एक वाट पोलादपूरवरून पार घाटाने वाईकडे चढे, तर दुसरी वरंध घाटाने भोरकडे. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर जाणे, देशावरून धान्य खाली उतरणे, ही देवघेव या घाटांनी पुढेही शतकानुशतके पाहिली.

या वाटांचा सर्वांत बोलका पुरावा लेण्यांत आहे. महाडलगतच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत कुमार काणभोअ विण्हुपालित याचा ब्राह्मी लेख आहे. चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी यांच्यासोबत लेण्याकडे जाणारी वाटही त्याने दान दिली. पायवाट ही दान देण्याजोगी वस्तू ठरली, हे विशेष मोलाचे आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याची सोय तेव्हा पुण्यकर्मात गणली जात होती. सावित्रीपलीकडच्या कोल येथील लेखात दाता आहे श्रेष्ठी संघरक्षित, म्हणजे धनिक व्यापारी. राजपुरी खाडीवरील कुडा लेण्यांतला एक दाता तर कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक आहे. त्याने सह्याद्री नेमका कोणत्या घाटाने ओलांडला हे लेखात नाही, पण देशावरचा व्यापारी खाडीकाठच्या भिक्षुसंघाला लेणे देतो, एवढ्यावरून दोन्हीकडच्या माणसांचे नाते स्पष्ट होते.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ चौलच्या दक्षिणेकडील बंदरांत ‘पालैपात्मै’चे नाव घेतो. काही अभ्यासकांनी ते पाले म्हणजेच गांधारपाले मानले. त्यावर एकमत नाही. नावाच्या साम्यापेक्षा दात्यांचे लेख हाच भक्कम आधार होय.

घाटवाटेवर ज्याचा ताबा, त्याची जकात आणि सत्ता, हे समीकरण पुढेही टिकले. पार घाटाच्या मुलखातील जावळीचे सरदार मोरे याच बळावर उभे होते. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि १६५९ मध्ये विजापूरचा सरदार अफझलखान वाईहून याच मुलखात उतरला. इंग्रजी अमदानीत पोलादपूरहून महाबळेश्वरला गाडीरस्ता झाल्यावर पार घाटाची रहदारी ओसरली.