एका बाटलीची कुळकथा

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील शहापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शेजारी जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे, आणि ज्या टापूत शिकणारे व नोकरीच्या उमेदवारीत असणारे इतके तरुण वावरतात, तेथील औषधांच्या दुकानात मिनॉक्सिडिल नावाच्या द्रावाची 60 मिलिलिटरची बाटली मागायला कोणी आलाच नाही, असा दिवस विरळाच उगवत असेल. ही बाटली विकत घेणाऱ्याच्या ओठांवर ‘किती दिवसांत केस येतील?’ हा एकच प्रश्न असतो. त्याचे उत्तर दिवसांच्या भाषेत देता येत नाही. आणि ते का देता येत नाही, हे त्या बाटलीचे कूळ ठाऊक झाल्याखेरीज नीट उमगत नाही. हे औषध शोधून काढावे म्हणून कोणी घरातून निघाला नव्हता. एकाच्या दफ्तरात नकोशी म्हणून नोंदली गेलेली गोष्ट दुसऱ्याने खोडली नाही आणि तिसऱ्याने वर्षानुवर्षे तिचा पाठपुरावा केला, या एका पुण्याईवर ते जन्माला आले.

केस गळण्याचा विचार आपल्याकडे अर्थातच पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या प्रकरणात, इंद्रलुप्त आणि खालित्य यांचे वर्णन येते. वाताशी संगनमत झालेले पित्त रोमकूपात शिरून केस पाडते आणि मागाहून रक्तासह कफ तो कूप रोधून टाकतो, त्यामुळे तेथे दुसरा केस उगवत नाही, असा त्याचा आशय आहे. माका आणि गुंज ही त्या परंपरेतली औषधे, आणि माक्याचे तेल तर आजही घरोघर कढवले जाते. प्राचीनांना सारे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मला मान्य नाही. पेशी त्यांनी पाहिली नव्हती. तथापि रोमकूप नष्ट होत नाही, तो केवळ अवरुद्ध होतो, हे त्या निरीक्षणातले मर्म मला आदरणीय वाटते. कारण 2011 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी टकलाची त्वचा तपासली, तेव्हा केसाला जन्म देणाऱ्या मूलपेशी तेथे जवळजवळ पूर्ववत शाबूत आढळल्या. नाहीशी झाली होती ती त्यांच्यापासून पुढे उपजणारी, केस घडवण्याच्या कामाला लागणारी पेशींची पिढी.

कारणांचा आधुनिक तपास 1942 पासून धरावा लागेल. षंढाला टक्कल पडत नाही हे ग्रीक वैद्यांनीही पाहून ठेवले होते, पण त्याची रीतसर रुजुवात केली ती जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने. ज्यांच्या देहात पुरुषरसाचा, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचा, अभाव होता, अशा 104 पुरुषांचे निरीक्षण करून त्याने दाखवले की, पौगंडावस्थेपूर्वी वा तिच्या सुमारास ज्यांना हा अभाव जडला त्यांचे केस शाबूत राहतात. आणि त्यांपैकी ज्यांच्या घराण्यात टकलाचा वारसा होता, त्यांना तो रस बाहेरून दिला असता टक्कल पडू लागते. म्हणजे वारसा आणि रस या दोन्हींची गाठ पडावी लागते. या रसाचा केसांवरचा परिणाम रोखणाऱ्या फिनास्टेराइड या गोळीचे कूळ याच शाखेतले, आणि ती केसांसाठी वापरण्यास अमेरिकेत मंजुरी मिळाली 1997 साली. हॅमिल्टनच्या निबंधापासून मोजले तर मधली 55 वर्षे झाली.

आपल्या बाटलीचे कूळ मात्र निराळे आहे आणि ते रक्तवाहिन्यांतून वाहत आले आहे. स्फोटकांच्या शेजारी राहणाऱ्या शहापूरकरांना या कुळाचा पूर्वज परका वाटू नये. 1847 साली इटलीत आस्कानिओ सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरीन सिद्ध केले आणि त्याचा किंचित अंश जिभेवर घेताच मस्तक ठणकू लागते, हे नोंदून ठेवले. ते ठणकणे म्हणजे रक्तवाहिन्यांचे विस्फारणे होय. पुढे 1879 साली लंडनच्या विल्यम मरेल याने तेच द्रव्य हृदयशूळावर वापरून दाखवले, आणि सुरुंगात भरावयाचा पदार्थ वैद्याच्या पेटीत आला. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांच्या परंपरेतला तो एक आरंभीचा टप्पा होय.

त्या परंपरेतच, 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, मिशिगन प्रांतातल्या कॅलमझू येथील अपजॉन कंपनीचे रसायनज्ञ जठराच्या व्रणावर औषध शोधीत होते. हाती आलेले संयुग व्रणाच्या कामाचे निघाले नाही. परंतु ज्या कुत्र्यांना ते दिले त्यांच्या रक्तवाहिन्या लक्षणीय रीतीने विस्फारल्या. येथे फाईल बंद करून कपाटात ठेवणे हाच सरळ कारभार झाला असता. तसे न करता त्यांनी त्या संयुगाचे भाऊबंद तयार केले, आणि त्यांतल्या एकाला मिनॉक्सिडिल हे नाव मिळाले. इतर उपायांना दाद न देणाऱ्या उच्च रक्तदाबावर ते गुणकारी ठरले. 1971 च्या सुमारास कोलोराडो विद्यापीठात चार्ल्स चिड्सी ते रुग्णांना देऊन पाहत असता, रुग्णांच्या कपाळावर, गालांवर आणि हातांवर दाट लव वाढू लागली. रुग्णांना ती नकोशी होती, आणि कंपनीच्या दृष्टीने तो औषधाचा दोष होता.

चिड्सींनी त्वचारोगतज्ज्ञ गिंटर कान यांचा सल्ला घेतला. कान यांनी या दोषाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. सहकारी पॉल ग्रँट यांच्यासह त्यांनी त्या औषधाचा द्राव करून स्वतःच्या अंगावर चोळून पाहिला आणि त्या जागी केस आले. यानंतरची हकीकत मात्र दिवाणी दाव्यासारखी आहे. शोधाच्या मालकीवरून कंपनी आणि हे दोघे वैद्य यांच्यात तंटा लागला, तो वर्षानुवर्षे चालला आणि 1986 साली समेटाने मिटला. दरम्यान 1979 साली रक्तदाबाची गोळी म्हणून मिनॉक्सिडिलला मंजुरी मिळाली. 1980 साली न्यू इंग्लंडच्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात, त्या गोळीने एका रुग्णाच्या टकलावर केस उगवल्याचे पत्र छापून आले. आणि 1988 च्या ऑगस्टात शेकडा 2 प्रमाणाचा द्राव पुरुषांच्या टकलावर लावण्यास अमेरिकन सरकारने मान्यता दिली. आज दुकानात मिळणारा शेकडा 5 प्रमाणाचा द्राव 1997 सालचा. रुग्णाच्या गालावरची लव दिसल्यापासून बाटली बाजारात येईतो 17 वर्षे लोटली होती.

हा विलंब केवळ सरकारी मुदतींचा वा वकिलांचा नव्हता. खुद्द केसाचे पंचांगच दीर्घ आहे. मस्तकावर सुमारे 1 लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षे वाढतो, दोनतीन आठवड्यांत आटोपता घेतो, सुमारे 3 महिने विसावतो आणि मग गळतो. दिवसाला 50 ते 100 केस गळणे हे आरोग्याचेच लक्षण होय. वाढ महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर. ज्या वस्तूची वाढ इतकी संथ, तिच्यावरील औषधाचा न्याय आठवड्यात कसा होणार? उलट मिनॉक्सिडिल लावल्यावर विसावलेले केस आधी ढकलले जातात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी पुष्कळजण बाटली फेकून देतात. बरे, प्रत्येकाला गुण येतोच असेही नाही. रोमकूपातील सल्फोट्रान्स्फरेज नावाचे विकर या द्रावाला कार्यक्षम रूप देते; ज्याच्या कूपात ते अल्प, त्याच्या डोक्यावर द्राव कोरडाच राहतो. आणि औषध थांबवले की काही महिन्यांत मिळवलेले केस परत जातात. दुकानदाराने ही कैफियत बाटलीबरोबर सांगितली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

केस गळण्याचे कारण एकच नसते, हेही येथे सांगणे प्राप्त आहे. 2024 च्या डिसेंबरात व पुढील महिन्यात विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, काळवड वगैरे गावांत स्त्रीपुरुषांचे आणि मुलांचे केस काही दिवसांतच गळून पडू लागले, तेव्हा भीतीने माणसे घरात लपून बसली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि खाण्यातले गहू यांची तपासणी करवली, आणि परप्रांतातून स्वस्त धान्य दुकानांत आलेल्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाचीच गोळी वापरून कोकणातल्या असंख्य माणसांचे प्राण वाचवणारे हेच ते वैद्य. निराळ्या कामासाठी बनलेल्या औषधात दुसरे काम ओळखण्याची दृष्टी त्यांच्या ठायी अगोदरपासून होती. चाई पडणे हा प्रकारही वेगळाच: त्यात शरीराचे रक्षकच रोमकूपावर चाल करून जातात, आणि त्यावर 2022 साली अमेरिकेत मंजूर झालेले बॅरिसिटिनिब हे मुळात संधिवातावरचे औषध होय.

टक्कल मुळापासून घालवण्याची आशा ज्यावर आहे, ते पेशींचे काम तर याहूनही सावकाश चालले आहे. आज जी केशरोपणाची शस्त्रक्रिया होते ती आपल्याकडच्या रोवणीसारखी आहे. धानाचे पऱ्हे एका बांधीतून उपटून दुसरीत लावावेत, तसे मानेकडचे केस पुढे आणले जातात, नवे रोप काही तयार होत नाही. नवे रोप तयार करण्याचा यत्न ब्रिटनमध्ये कॉलिन जाहोडा यांनी हाती घेतला. केसाच्या बुडाशी असलेल्या अंकुरपेशी काचपात्रात वाढवूनही त्या उंदरात केस उगवू शकतात, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवले. 1999 साली जाहोडांच्या डोक्यावरील रोमकूपाचे सूक्ष्म वेष्टन एका स्त्री सहकाऱ्याच्या हातावर रोवले असता तेथे केस आले. मग अडले कोठे? मानवी अंकुरपेशी सपाट पात्रात वाढू लागल्या की आपला धर्मच विसरतात. 2013 साली जाहोडा आणि न्यूयॉर्कच्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या चमूने त्या पेशी लोंबत्या थेंबात गोळा होऊ दिल्या, तेव्हा त्यांची स्मृती अंशतः परतली, आणि 7 दात्यांपैकी 5 जणांच्या पेशींनी उंदराच्या पाठीवर रोवलेल्या मानवी त्वचेत केस उगवले. पहिल्या प्रयोगापासून येथवर यायला 29 वर्षे लागली. वाढत्या पेशी माणसाच्या डोक्यात सोडण्यापूर्वी त्या अनावर होऊन अर्बुद तर करणार नाहीत ना, याची खात्री हवी. ती खात्री करून घेण्यात जाणारा काळ हा दिरंगाईचा काळ नव्हे.

आणि आपल्या बाटलीचे कूळ अजून संपलेले नाही. त्याची एक अलीकडची शाखा मुंबईची आहे. शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 100 पुरुषांची दोन गटांत वाटणी केली. एकाला केवळ मिनॉक्सिडिल. दुसऱ्याला मिनॉक्सिडिल, आणि शिवाय आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रूळ टाळूवर फिरवणे. त्वचेला झालेली बारीक इजा भरून येताना वाढीचे संदेश जागे होतात, हा त्यामागचा तर्क. रुग्ण कोणत्या गटातला हे मोजणी करणाऱ्याला ठाऊक नव्हते. 12 आठवड्यांनी ठरावीक जागेतल्या केसांची सरासरी वाढ रूळ फिरवलेल्या गटात 91.4 भरली आणि दुसऱ्यात 22.2. हा निबंध 2013 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. त्यानंतर, नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या अवघ्या 4 पुरुषांवर त्याच महाविद्यालयात 6 महिने हा उपाय करण्यात आला, आणि रूळ फिरवणे थांबल्यावरही पुढे 18 महिने त्यांच्या मस्तकांवर लक्ष ठेवण्यात आले. आलेले केस टिकून होते, असे 2015 च्या निवेदनात नमूद आहे.