जनाना स्टुडिओ: पडद्याआडचा कॅमेरा

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी: एकोणिसाव्या शतकात यांची छायाचित्रे टिपणाऱ्यांत एक ठळक नाव आहे राजा दीनदयाळ यांचे. हा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि दीनदयाळ हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते.

रुडकीत अभियांत्रिकी शिकलेल्या आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या या माणसाने वास्तू टिपल्या, तशीच व्यक्तिचित्रेही. मात्र तिथे एक अडचण होती. खानदानी स्त्रिया पडद्यात राहत. परक्या पुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर त्या बसणार कशा?

१८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ उघडला. भोवती उंच भिंती, आत काम करणाऱ्याही स्त्रियाच. प्रमुख होत्या श्रीमती केनी-लेव्हिक.

ईस्टमनचा गुंडाळी-फिल्मचा कोडॅक १८८८ मध्येच अमेरिकेत विकू लागला होता. दीनदयाळांच्या पेढीचा भर मात्र काचेच्या प्लेटांवर. जिलेटिनची कोरडी प्लेट तयार मिळे, त्यामुळे छबी टिपताक्षणी ती धुण्याची घाई नसे. ओल्या प्लेटच्या काळात असा स्टुडिओ चालवणे कितीतरी जिकिरीचे झाले असते.

१८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे राजमान्यतापत्र मिळाले, ते दीनदयाळांना. केनी-लेव्हिक यांचे नाव त्यांच्या चरित्रांत जेमतेम एका ओळीपुरते येते; पडद्याआडच्या त्या चेहऱ्यांसमोर कॅमेरा घेऊन उभी राहिली होती ती बाई, दीनदयाळ नव्हेत.